षटकामागे किती धावा?



समजा, रविवारची सकाळ आहे. शाळेच्या मैदानावर वीस-वीस षटकांचा सामना ऐन रंगात आला आहे. स्कोअरबुक तुमच्या मांडीवर आहे. समोरच्या संघाने १२१ धावा केल्या आहेत आणि तुमच्या संघाच्या १५.१ षटकांत ८२ धावा झाल्या आहेत. इतक्यात खेळपट्टीवरून तुमचा कप्तान ओरडून विचारतो, "अरे, ओव्हरला किती पाहिजेत?"

शेजारी बसलेला मित्र गणकयंत्रावर पटापट आकडे दाबतो आणि म्हणतो, "८.१६!" त्याच्या पलीकडचा म्हणतो, "छे, ८.८९!" तुम्ही कागदावर हिशेब करता, तर उत्तर येते ८.२८. तिघांची तीन उत्तरे! गणकयंत्र तर कधी चुकत नाही. मग चुकले कोण?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ८.१६ ऐकून कप्तान म्हणेल, "आठ-आठ धावा पुरे आहेत." ८.८९ ऐकला, तर तो घाबरून उंच फटका मारायला जाईल आणि कदाचित सीमारेषेवर झेल देऊन बसेल. चुकीच्या भागाकारापायी हातातला सामना जाऊ शकतो. म्हणून आज आपण हा हिशेब नीट शिकून घेऊ. त्यासाठी बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढीच सामग्री पुरते.

आधी वजाबाकी

दुसऱ्या डावात खेळणाऱ्या संघाला उरलेल्या प्रत्येक षटकात सरासरी किती धावा काढल्या म्हणजे सामना जिंकता येईल, हे सांगणाऱ्या आकड्याला 'आवश्यक धावगती' म्हणतात. तो काढण्यासाठी दोन गोष्टी लागतात. किती धावा हव्या आहेत, ही पहिली आणि किती चेंडू उरले आहेत, ही दुसरी.

धावांची वजाबाकी करताना एक चूक हमखास होते. समोरच्या संघाच्या १२१ धावा असतील, तर १२१ धावा काढून तुम्ही फक्त बरोबरी साधता. जिंकायला १२२ हव्यात. तुमच्या ८२ झाल्या आहेत, म्हणजे हव्या असलेल्या धावा १२२ − ८२ = ४०.

ते टिंब दशांश चिन्ह नव्हे

आता षटकांकडे वळू. खरी गोम इथेच आहे. १५.१ असे लिहिले, की आपण सवयीने 'पंधरा आणि एक दशांश' असे वाचतो. पण स्कोअरबुकात त्याचा अर्थ 'पंधरा षटके आणि एक चेंडू' असा आहे. षटकात चेंडू सहा असतात, म्हणून तर त्याला 'षटक' म्हणायचे! तेव्हा एक चेंडू म्हणजे षटकाचा दहावा भाग नसून सहावा भाग होय.

घड्याळात आपण अशी चूक करत नाही. आठ तास वीस मिनिटे याला आपण ८.२ तास म्हणत नाही, कारण तासाची मिनिटे साठ असतात हे आपल्याला ठाऊक असते. बारा इंचांचा फूट होतो, हेही आपण विसरत नाही. षटकाचे तसेच आहे. १५.६ षटके असा आकडा तुम्हाला कधीही दिसणार नाही. सहावा चेंडू पडला, की १५.५ नंतर थेट १६ होतात.

आता तुमच्या मित्रांच्या चुका सापडतील. पहिल्याने २० मधून १५.१ वजा करून ४.९ मिळवले आणि ४० ला ४.९ ने भागले. दुसऱ्याची वजाबाकी बरोबर होती. १५.१ नंतर ४ षटके आणि ५ चेंडू उरतात, हे त्याने ओळखले. पण ते ४.५ असे लिहून त्याने ४० ला 'साडेचार'ने भागले आणि तो फसला.

यावर साधा उपाय असा, की षटके विसरा आणि चेंडू मोजा. वीस षटकांचे चेंडू १२०. पंधरा षटके आणि एक चेंडू म्हणजे ९० + १ = ९१ चेंडू. उरले १२० − ९१ = २९. आता त्रैराशिक मांडा. २९ चेंडूंत ४० धावा, तर ६ चेंडूंत किती?

४० × ६ ÷ २९ = २४० ÷ २९ = ८.२८

म्हणजे आपले सूत्र असे झाले :

आवश्यक धावगती = हव्या असलेल्या धावा × ६ ÷ उरलेले चेंडू

एवढे एक सूत्र पाठ असले, की टिंबाचा घोटाळा पुन्हा होणार नाही. ८.२८ आणि ८.८९ यांतला फरक २९ चेंडूंवर पसरला, तर तो जवळजवळ तीन धावांचा होतो. तीन किंवा त्याहून कमी धावांनी गेलेले सामने तुम्हीही पाहिले असतील!

वानखेडेवरचा हिशेब

हे सूत्र एका मोठ्या सामन्यावर चालवून पाहू. २ एप्रिल २०११ या दिवशी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. श्रीलंकेने ५० षटकांत ६ बाद २७४ धावा केल्या. भारताला ३०० चेंडूंत २७५ हव्या होत्या. सुरुवातीची आवश्यक धावगती २७५ × ६ ÷ ३०० = ५.५०.

डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर वीरेंद्र सेहवाग शून्यावर बाद झाला. नंतर ६.१ षटकांत ३१ धावा झाल्या असताना सचिन तेंडुलकरही परतला. मैदानावर सन्नाटा पसरला. पण हिशेब काय सांगत होता? ३७ चेंडू संपले होते, २६३ उरले होते आणि धावा हव्या होत्या २४४. आवश्यक धावगती ५.५७. म्हणजे ती जेमतेम सात शतांशाने वाढली होती.

पुढे २१.४ षटकांत ११४ धावांवर विराट कोहली बाद झाला. १३० चेंडू संपले, १७० उरले, धावा हव्या १६१. आवश्यक धावगती ५.६८. त्यानंतर महेंद्रसिंग धोनी खेळायला आला. त्याने आणि गौतम गंभीरने धावफलक हलता ठेवला. ४१.२ षटकांत २२३ धावा असताना गंभीर ९७ धावांवर बाद झाला.

इथे तुम्हीच थांबून हिशेब करा. ४१ षटकांचे २४६ चेंडू आणि वरचे २, मिळून २४८. उरले ५२ चेंडू. धावा हव्या २७५ − २२३ = ५२. बावन्न चेंडूंत बावन्न धावा! आवश्यक धावगती बरोबर ६.००. ज्याने ५० मधून ४१.२ वजा करून ८.८ आणले असते, त्याला उत्तर ५.९१ मिळाले असते आणि हा सुंदर योगायोग त्याच्या नजरेतून निसटला असता.

आता चारही आकडे एका ओळीत ठेवा : ५.५०, ५.५७, ५.६८, ६.००. चार गडी बाद झाले, तरी आकडा अर्ध्या धावेनेच वाढला. कारण मधल्या काळात फलंदाजांनी गरजेच्या जवळपास धावा काढणे कधी सोडले नव्हते. कोहली बाद झाल्यापासून गंभीर बाद होईपर्यंतच्या ११८ चेंडूंत १०९ धावा झाल्या, म्हणजे षटकामागे ५.५४. शेवटी भारताने ४८.२ षटकांत ४ बाद २७७ धावा करून, १० चेंडू राखून विश्वचषक जिंकला. धोनीचा अखेरचा षटकार सर्वांच्या लक्षात आहे. पण तो मारताना ११ चेंडूंत फक्त ४ धावा हव्या होत्या, हे किती जणांच्या लक्षात असेल?

कागदाशिवाय हिशेब

५२ चेंडूंत ५२ धावा यावरून तोंडी हिशेबाची एक युक्ती सापडते. धावा आणि चेंडू सारखे असतील, तर धावगती ६. धावा चेंडूंच्या दीडपट असतील, तर ९. दुप्पट असतील, तर १२. निम्म्या असतील, तर ३. एवढे चार टप्पे डोक्यात असले, की कोणताही आकडा कुठे बसतो ते झटकन कळते.

उदाहरणार्थ, ४० धावा आणि २९ चेंडू घ्या. २९ ची दीडपट म्हणजे साडेत्रेचाळीस. ४० त्याहून थोड्या कमी, म्हणून उत्तर ९ पेक्षा थोडे कमी. ८.८९ खरे, की ८.२८? साडेतीन धावा कमी पडतात. त्या साधारण पाच षटकांत वाटल्या, तर षटकामागे सुमारे ०.७ कमी होतात. ९ मधून ०.७ गेले, उरले ८.३. म्हणजे ८.२८ हेच बरोबर! गणकयंत्राने दिलेले उत्तरही असे पडताळून घेण्याची सवय चांगली.

सहलीची वर्गणी

आवश्यक धावगती प्रत्येक षटकानंतर बदलते. ती किती बदलेल, हे पुन्हा सगळा भागाकार न करता सांगता येईल का? येईल. त्यासाठी सहलीच्या वर्गणीचे उदाहरण घेऊ.

दहा मुलांनी प्रत्येकी ५० रुपये काढून सहलीला जायचे ठरवले. पहिल्या मुलाकडे २० रुपयेच निघाले. तूट आली ३० रुपयांची. ती उरलेल्या नऊ मुलांत वाटली, तर प्रत्येकावर तीन-सव्वातीन रुपयांचा भार वाढेल. तो कुणालाही जड जाणार नाही. पण आठ मुलांनी ठरल्याप्रमाणे पैसे दिले आणि नवव्याने २० च दिले तर? सगळे ३० रुपये दहाव्या बिचाऱ्याच्या माथी येतील. तूट तेवढीच आहे, पण ती वाटून घ्यायला माणसे उरली नाहीत.

षटकांचेही असेच आहे. प्रत्येक षटकाची 'वर्गणी' म्हणजे त्या क्षणाची आवश्यक धावगती. षटकात तितक्याच धावा झाल्या, तर धावगती तशीच राहते. कमी पडलेल्या धावा उरलेल्या षटकांत वाटल्या जातात आणि जास्त झाल्या, तर त्यांची सूटही तशीच वाटली जाते. म्हणून

धावगतीतील वाढ = (आवश्यक धावगती − षटकात झालेल्या धावा) ÷ त्यानंतर उरलेली षटके

समजा, ४० षटके बाकी असताना धावगती ५.५ हवी आहे आणि एक षटक निर्धाव गेले. वाढ होईल ५.५ ÷ ३९, म्हणजे फक्त ०.१४. काही बिघडत नाही. पण ५ षटके बाकी असताना धावगती ८ हवी आहे आणि षटक निर्धाव गेले, तर वाढ ८ ÷ ४ = २. धावगती एकदम १० वर! सुरुवातीचे निर्धाव षटक प्रेक्षक विसरून जातात आणि शेवटचे निर्धाव षटक विसरता विसरत नाही, त्याचे कारण या भागाकारात आहे.

मेलबर्नची शेवटची तीन षटके

हा नियम किती चपखल आहे ते पाहायचे, तर २३ ऑक्टोबर २०२२ या दिवशी मेलबर्न येथे झालेला भारत-पाकिस्तान हा वीस षटकांचा विश्वचषक सामना आठवा. पाकिस्तानने १५९ धावा केल्या होत्या. दहा षटके संपली तेव्हा भारताच्या ४ बाद ४५ धावा होत्या. पुढच्या ६० चेंडूंत ११५ हव्या, म्हणजे धावगती ११.५०. तीन षटके उरली तेव्हा ४८ धावा बाकी होत्या आणि धावगती १६ वर पोहोचली होती.

अठराव्या षटकात भारताने १७ धावा काढल्या. षटकात सतरा म्हणजे केवढी लूट! पण वर्गणी १६ ची होती. जास्तीची धाव एकच. ती दोन षटकांत वाटली गेली आणि धावगती १६ वरून १५.५० झाली. एवढे करून मिळाली ती फक्त अर्ध्या धावेची सूट.

एकोणिसाव्या षटकाच्या पहिल्या चार चेंडूंवर तीनच धावा निघाल्या. ८ चेंडूंत २८ हव्या, धावगती २१! पुढच्या दोन चेंडूंवर विराट कोहलीने दोन षटकार ठोकले. षटकाच्या धावा झाल्या १५. वर्गणीपेक्षा अर्धी धाव कमी आणि षटक उरले एकच, म्हणून धावगती १५.५० + ०.५० = १६. ताळा करून पाहा : ६ चेंडूंत १६ धावा. जमले!

शेवटच्या षटकात तर गंमतच झाली. पहिल्या चेंडूवर गडी बाद झाला आणि पुढच्या दोन चेंडूंवर तीन धावा निघाल्या. ३ चेंडूंत १३ हव्या, धावगती २६. पुढचा चेंडू नोबॉल पडला आणि त्यावर कोहलीने षटकार मारला. सात धावा मिळाल्या, पण नोबॉल षटकात धरत नाहीत, म्हणून उरलेले चेंडू तीनच राहिले! ३ चेंडूंत ६ धावा, धावगती १२. त्यानंतर वाइड पडला : ३ चेंडूंत ५, धावगती १०. मग तीन बाय निघाल्या : २ चेंडूंत २, धावगती ६. पुढच्या चेंडूवर दिनेश कार्तिक यष्टिचीत झाला : १ चेंडूत २, धावगती पुन्हा १२. पुन्हा वाइड : १ चेंडूत १. अखेर रविचंद्रन अश्विनने ती एक धाव काढली आणि सामना संपला.

नोबॉल आणि वाइड गोलंदाजी करणाऱ्या संघाला इतके महाग का पडतात, ते इथे दिसते. इतर चेंडूंवर धावा कमी होतात तसे चेंडूही कमी होतात. या दोहोंत अंश कमी होतो, पण छेद तसाच राहतो.

हा आकडा काय सांगत नाही

आता एक सावधगिरीची गोष्ट. दोन संघांना ६० चेंडूंत ६० धावा हव्या आहेत. एकाचे सात गडी शिल्लक आहेत, दुसऱ्याचा एकच. दोघांची आवश्यक धावगती ६.००. मग दोघांची स्थिती सारखी म्हणायची का? मुळीच नाही. आपल्या सूत्रात धावा आहेत, चेंडू आहेत, पण गड्यांना जागाच नाही.

ही उणीव पावसाने उघडी पाडली. २२ मार्च १९९२ रोजी सिडनी येथे विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. इंग्लंडने ४५ षटकांत २५२ धावा केल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या ६ बाद २३१ धावा झाल्या असताना पाऊस आला. तेव्हा १३ चेंडूंत २२ हव्या होत्या, म्हणजे धावगती १०.१५. अवघड खरे, पण अशक्य नव्हे. बारा मिनिटांनी खेळ सुरू झाला तो दोन षटके, म्हणजे १२ चेंडू कमी करून. त्या वेळच्या नियमानुसार इंग्लंडची सर्वांत कमी धावांची षटके लक्ष्यातून वजा करायची होती. त्यातून कमी झाली एकच धाव! १ चेंडूत २१ धावा. मैदानावरच्या धावफलकावर तर २२ झळकल्या. आपल्या सूत्राने धावगती काढा : २१ × ६ ÷ १ = १२६. दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांनी एक धाव काढली आणि ते मुकाट्याने परतले.

नियमातल्या वजाबाकीत चूक नव्हती. चूक होती ती काय मोजायचे हे ठरवण्यात. पुढे फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्लिश गणितज्ञांनी यावर विचार केला. धावा काढण्यासाठी संघाजवळ दोन प्रकारचे भांडवल असते, उरलेले चेंडू आणि शिल्लक गडी. पावसाने या भांडवलातला किती भाग वाहून नेला, ते मोजून लक्ष्य बदलावे, अशी त्यांची कल्पना. ही पद्धत आंतरराष्ट्रीय सामन्यात १९९७ साली प्रथम वापरली गेली. नंतर स्टीव्हन स्टर्न यांनी ती सुधारली आणि आज तिघांच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्या देशात केरळचे अभियंता व्ही. जयदेवन यांनीही अशी एक पद्धत बसवली आहे. सिडनीच्या त्या सामन्याला डकवर्थ-लुईस पद्धत लावून पाहिली, तर अखेरच्या चेंडूवर जिंकायला पाच धावा लागल्या असत्या. एक षटकार पुरला असता!

तेव्हा आवश्यक धावगती जरूर काढा, पण शेजारी शिल्लक गडी लिहायला विसरू नका. पुढच्या वेळी कप्तानाने विचारले, की नुसता आकडा सांगू नका. सांगा, "एकोणतीस चेंडूंत चाळीस, ओव्हरला सव्वाआठ, सहा गडी हातात आहेत!" हे ऐकून घाईचा फटका मारायला निघालेला फलंदाज कदाचित आधी एक धाव पळून काढेल.

सोडवून पाहा

१. वीस षटकांच्या सामन्यात समोरच्या संघाने १६७ धावा केल्या. तुमच्या १२.३ षटकांत ९२ झाल्या. आवश्यक धावगती किती?

२. सहा षटके बाकी असताना धावगती ९ हवी आहे. या षटकात ४ धावा झाल्या, तर नवी धावगती किती? भागाकार पुन्हा न करता सांगा.

३. ७ चेंडूंत १५ धावा हव्या आहेत. आधी एक वाइड पडला, मग चौकार बसला. प्रत्येक वेळी धावगती काढा.

उत्तरे : (१) ४५ चेंडूंत ७६, धावगती १०.१३. (२) (९ − ४) ÷ ५ = १ ने वाढ, म्हणून १०. (३) सुरुवातीला १२.८६, वाइडनंतर १२, चौकारानंतर १०.